पहिला वाडगा उदोनचा: घरच्या घरी जपानी नूडल सूप

जपानी नूडल सूप घरी करायचं ठरलं की बहुतेक जण थेट रामेनवर उडी घेतात. मग तासन्‌तास उकळणारी हाडं, क्षार घालून मळलेल्या पिवळसर नूडल्स, वेगळा खारा अर्क, वेगळं सुगंधी तेल, मंद आचेवर शिजवलेलं डुकराचं मांस आणि अर्धकच्चं अंडं अशी यादी समोर येते, आणि उत्साह सामान गोळा करण्यातच संपतो. पहिल्यांदा करणाऱ्याने रामेनच्या वाटेला जाऊ नये, उदोनपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. उदोन म्हणजे मैदा, मीठ आणि पाणी एवढ्यावर होणाऱ्या जाड, पांढऱ्या, चिवट नूडल्स. त्यांच्यासोबतचा रस्सा तासाभरात होतो, आणि त्यातला निम्मा वेळ नुसतं काही तरी भिजत पडलेलं असतं. पोळपाट, लाटणं, परात, मोठं पातेलं आणि धारदार सुरी यापलीकडे भांडीकुंडी लागत नाहीत.

एक सवय मात्र बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे फोडणी तडतडली पाहिजे, मसाल्याला तेल सुटलं पाहिजे, रस्सा खळखळून उकळला पाहिजे. इथे चव काढायची ती भिजवून, आणि नेमक्या वेळी जिन्नस बाहेर काढून. या कृतीत बिघडायच्या जेवढ्या जागा आहेत त्या जवळपास सगळ्या घाईच्या किंवा आचेच्या आहेत. रश्शात आलं-लसूण नाही, गरम मसाला नाही, तेलही नाही. पहिला घोट घेतल्यावर काहींना तो अळणी वाटतो. दोन-तीन घोटांनंतर मत बदलतं.

सामान

खालची मापं तीन वाडग्यांची आहेत. नूडल्ससाठी मैदा ३०० ग्रॅम, पाणी १४० मिली, मीठ १५ ग्रॅम. रश्शासाठी पाणी १.२ लिटर, कोंबू १२ ग्रॅम, कात्सुओबुशी २५ ग्रॅम, शोयु, मिरिन, आणि वरून घालायला पातीचा कांदा. पीठ आणि मीठ वजनकाट्यावरच मोजा. वाटी-चमच्याच्या अंदाजाने रस्सा जमेल, पीठ जमणार नाही, कारण पाण्यात १० मिलीचा फरक पडला तरी ते हाताला वेगळं लागतं.

मैद्याबद्दल फार चिंता नको. उदोनला ब्रेडच्या पिठाइतकी जास्त प्रथिनं नकोत आणि केकच्या पिठाइतकी कमीही नकोत. आपला साधा मैदा याच टप्प्यात बसतो. पाकिटावर १०० ग्रॅमला ९ ते ११ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असली की झालं. घरची कणीक मात्र चालत नाही. कोंड्यामुळे नूडल्स तुटतात आणि रस्सा गढूळ होतो. ‘खास जपानी पीठ’ म्हणून महाग पुडा घ्यायचीही गरज नाही. उदोनची पंढरी म्हणजे शिकोकू बेटावरचा कागावा प्रांत, जुनं नाव सानुकी. तिथे लोक सकाळी न्याहारीलाही उदोन खातात. त्या कागावातही बराचसा उदोन ऑस्ट्रेलियातून आलेल्या गव्हाचा असतो. स्थानिक गहू मागे पडला म्हणून प्रांताने ‘सानुकी नो युमे २०००’ नावाचं खास वाण विकसित केलं, पण परदेशी गव्हाची सत्ता काही गेली नाही.

कोंबू ही जाड, वाळवलेली समुद्री वनस्पती. ती मुख्यतः जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या थंड समुद्रातून येते. मोठ्या शहरांत आयात मालाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. सुशीला गुंडाळायची पातळ नोरी वेगळी. तिची दाशी, म्हणजे रश्शाचा मूळ अर्क, होत नाही. कोंबूच्या पट्टीवर पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी नव्हे, चवीचाच भाग आहे. पट्टी नळाखाली धुऊ नका, ओलसर फडक्याने हलकेच पुसा. कोंबूमध्ये आयोडीन भरपूर असतं, त्यामुळे थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

कात्सुओबुशी म्हणजे ट्यूनाच्या कुळातला कात्सुओ मासा उकडून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवून काढलेले त्याचे पातळ पापुद्रे. उंची प्रकारात त्यावर मुद्दाम बुरशी चढवून तो महिनोन्‌महिने मुरवतात. हे ऐकून अंगावर काटा येत असेल तर लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयचा ‘मास’ आठवा. तोही याच माशाचा, उकडून, धुरावून आणि वाळवून केलेला. समुद्र वेगळा, युक्ती तीच. पापुद्र्यांचं पाकीट उघडल्यावर हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर आठवड्याभरात वास उतरतो.

शोयु म्हणजे जपानी सोया सॉस. ‘इंडियन चायनीज’साठी मिळणारा दाट काळा सॉस इथे अजिबात चालत नाही, एका चमच्यात सगळ्या रश्शाचा रंग आणि चव घालवतो. बाटलीवर पाणी, सोयाबीन, गहू, मीठ, फार तर थोडा अल्कोहोल, एवढेच घटक असलेली बाटली घ्या. शोयुचे दोन मुख्य प्रकार आहेत. कोइकुची गडद रंगाचा, सगळीकडे मिळणारा. उसुकुची रंगाने फिका पण मिठाने जास्त. उदोनला उसुकुची उत्तम. तो मिळाला नाही तर कोइकुची कमी घालून वर मीठ घालायचं. मिरिन ही तांदळापासून केलेली गोडसर पाकदारू. खऱ्या मिरिनमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतो, तर ‘मिरिनसारखा मसाला’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत जवळजवळ नसतो. नसेल तर एका मोठ्या चमच्याला एक छोटा चमचा साखर, एवढा बदल पुरतो.

दाणेदार झटपट दाशीची पाकिटंही मिळतात. घाईच्या दिवशी खुशाल वापरा, पण त्यात मीठ आधीच असतं म्हणून शोयु बेताने घाला. आणि बहुतेक पाकिटांत मासा असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी घटकांची यादी वाचल्याशिवाय ते हातात घेऊ नये.

आधी पीठ

दुपारी एकला जेवायचं असेल तर सकाळी साडेनऊला पिठाला हात घाला. काम थोडं आणि थांबणं जास्त आहे.

मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. इथलं मीठ चवीसाठी कमी आणि पिठाला ताण देण्यासाठी जास्त आहे. उकडताना त्यातलं बहुतेक पाण्यात उतरतं, म्हणून १५ ग्रॅमचा आकडा पाहून घाबरू नका. मिठाचं प्रमाण हवेवर ठरतं. सानुकीतल्या जुन्या कारागिरांचा एक ठोकताळा आहे: ऐन उन्हाळ्यात एक माप मिठाला तीन मापं पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा, एरवी पाच. आज घरगुती प्रमाण याहून बरंच कमी असतं, पण तत्त्व तेच. उष्णतेने पीठ सैल पडतं, मीठ ते आवळून धरतं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात १८ ग्रॅमपर्यंत जा. पुण्याच्या डिसेंबरात १३-१४ ग्रॅम पुरे.

मैदा परातीत घेऊन हे पाणी तीन वेळा विभागून शिंपडा आणि दर वेळी बोटांच्या टोकांनी फिरवा. मळू नका, नुसतं फिरवा. पिठाचे खडबडीत गोळे होतील आणि तळाशी कोरडं पीठ राहील. इथे नवखा माणूस हमखास पाण्याचा हात लावतो. लावू नका. हे पीठ पुरीच्या कणकेहूनही घट्ट असतं आणि पहिली दहा मिनिटं ते कधी एकजीव होईल असं वाटतच नाही. सगळं मुठीने दाबून एकत्र करा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बंद करा आणि अर्धा तास विसरून जा. पाणी आपोआप आतपर्यंत पोचतं.

त्यानंतरची पायरी जपानी घरांत पायाने होते. पीठ पिशवीत, पिशवी दोन स्वच्छ पंचांमध्ये, आणि त्यावर उभं राहून टाचांनी तुडवायचं. चपटं झालं की बाहेर काढून तिपेडी घडी घालायची आणि पुन्हा तुडवायचं. असं तीन-चार वेळा. पीठ इतकं घट्ट असतं की हाताच्या जोराने ते दमत नाही, अंगाचं वजनच लागतं. आपल्याकडे अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतात, त्यामुळे आजी घरात असताना हा प्रयोग करणं अवघड आहे. त्याला पर्याय असा: पिशवीतलं पीठ जमिनीवर पाटावर ठेवा, गुडघ्यांवर बसा आणि तळहातांनी, कोपरं ताठ ठेवून, खांद्यांचा भार टाकत दाबा. किंवा जाड लाटण्याने ठोकून चपटं करा, घडी घाला, पुन्हा ठोका. पृष्ठभाग गुळगुळीत झाला आणि बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की थांबा.

गोळा करून पुन्हा पिशवीत. आता दीड-दोन तास विश्रांती. उन्हाळ्यात तास-सव्वातास पुरतो. हा वेळ कापला तर लाटताना पीठ रबरासारखं आखडून परत येतं आणि मग लाटणाऱ्याचा संताप होतो. आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं. लाटण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा.

रस्सा

पीठ निजलेलं असताना दाशी करायची. दाशी म्हणजे मूळ अर्क. शोयु आणि मिरिन नंतर.

पाणी कोणतं, याला इथे खरोखर महत्त्व आहे. कोंबूचा अर्क मऊ पाण्यात चांगला उतरतो, जड पाण्यात नीट उतरत नाही. नळाला धरणाचं पाणी येत असेल तर बहुधा प्रश्न नसतो. बोअरचं पाणी असेल, नळाच्या तोटीवर पांढरे थर चढत असतील, तर गाळणयंत्राचं पाणी घ्या.

१.२ लिटर पाण्यात कोंबू घालून अर्धा तास तसंच ठेवा. मग सर्वांत मंद आचेवर पातेलं चढवा. पाणी तापायला दहा-पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. त्याच वेळात चव उतरते. तळाशी आणि कडेला बारीक बुडबुडे धरू लागले, पण पाणी उकळायला अजून अवकाश आहे, अशा क्षणी कोंबू बाहेर काढा. उकळू दिला तर रस्सा बुळबुळीत होतो आणि समुद्राचा उग्र, कडवट वास येतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा-पाऊण तास राखा; त्याने अर्क आणखी भरीव होतो.

कोंबू काढल्यावर आच वाढवा. उकळी फुटायच्या बेतात गॅस बंद करा आणि कात्सुओबुशी एकदम टाका. ढवळू नका. पापुद्रे स्वतःच तळाशी बसायला लागतात. दीड-दोन मिनिटांत मलमलच्या कापडातून गाळून घ्या. चोथा पिळायचा मोह होतो, विशेषतः पाकिटाची किंमत आठवली की. पिळू नका, शेवटचे ते चार चमचे रश्शात गढूळपणा आणि माशाचा कडसरपणा आणतात. गाळलेली दाशी फिक्या सोनेरी रंगाची आणि स्वच्छ असावी. हाती एक लिटरहून थोडी जास्त लागेल.

दोन जिन्नस एकत्र का, तर त्यामागे रसायनशास्त्र आहे. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबूच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की उमामीची जाणीव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणून मूठभर पापुद्रे आणि वीतभर पट्टी यांच्यावर भागतं, हाडं रटरटवत बसावी लागत नाहीत. एकट्या कोंबूची आणि दोन्हींची दाशी शेजारी शेजारी चाखून पाहा. फरक जिभेला लगेच कळतो.

आता चव. लहान पातेल्यात मिरिन घालून मिनिटभर उकळा म्हणजे अल्कोहोल उडून जातो. मग त्यात दाशी घाला आणि शेवटी शोयु. उसुकुची असेल तर माप सोपं: दाशी १५ भाग, शोयु १, मिरिन १. म्हणजे एक लिटरला साधारण ६५ मिली शोयु आणि तेवढंच मिरिन. कोइकुची असेल तर लिटरला तीन मोठे चमचे शोयु, तीन मोठे चमचे मिरिन आणि अर्धा छोटा चमचा मीठ. नुसता चाखला तर रस्सा किंचित खारट वाटायला हवा, कारण नूडल्स त्याला पातळ करतात. शोयु घातल्यावर खळखळ उकळी नको, सुगंध जातो. रक्तदाबाचा त्रास असेल तर शोयु कमी करा आणि वाडग्यातला रस्सा शेवटपर्यंत प्यायचा आग्रह सोडा.

रस्सा किती काळा असावा यावर खुद्द जपानमध्ये एकमत नाही. एदोच्या काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) होक्काइदोचा कोंबू कितामाएबुने नावाच्या व्यापारी जहाजांतून जपानच्या पश्चिम किनाऱ्याने ओसाकाकडे येई. त्यामुळे ओसाका-क्योतोच्या बाजूला कोंबूवर बेतलेला, फिका रस्सा रुजला. टोकियोच्या बाजूला कात्सुओबुशी आणि गडद शोयु. हा भेद इतका पक्का आहे की निस्सिन कंपनी १९७६ पासून विकत असलेला ‘दोनबेई’ हा कपातला उदोन पूर्वेला एका चवीचा आणि पश्चिमेला दुसऱ्या चवीचा बनवते. मी पश्चिमेच्या बाजूचा. टोकियोच्या काळ्या रश्शात सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) शोभते, उदोन बुडून जातो.

मासा न खाणाऱ्यांसाठी

हा काही दुय्यम पर्याय नव्हे. जपानी बौद्ध मठांतला शाकाहारी स्वयंपाक याच दाशीवर चालतो. १.२ लिटर थंड पाण्यात १२ ग्रॅम कोंबू आणि चार-पाच वाळवलेले शिइताके मशरूम घालून पातेलं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी कोंबू काढून घ्या आणि मशरूमसकट पाणी मंद आचेवर सावकाश तापवा; एक उकळी आली की गाळा. शिइताके गरम पाण्यात भिजवून वेळ वाचवू नका. त्यातलं ग्वानिलेट हे उमामीचं द्रव्य थंड भिजवणीनंतर हळूहळू तापवल्यावरच नीट तयार होतं. ताजे बटण मशरूम इथे उपयोगाचे नाहीत. फुगलेले शिइताके कापून, थोड्या शोयु-साखरेत शिजवून वाडग्यावर घाला.

मशरूमही चालत नसतील तर कोंबूबरोबर भाजलेले सोयाबीन किंवा कानप्यो वापरतात. कानप्यो म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीच्या फळाच्या वाळवलेल्या फिती. चव सौम्य येते, थोडं मीठ वाढवा.

कोकणातून ‘आमच्याकडचे सुके मासे चालतील का?’ असा प्रश्न हमखास येतो. सानुकीत इरिको म्हणजे उकडून वाळवलेल्या लहान माशांची दाशी करतात, तेव्हा कल्पना चुकीची नाही. पण इरिको फारसा खारट नसतो. आपल्याकडचे बरेच सुके मासे खारवलेले आणि न उकडता वाळवलेले, त्यामुळे वास कितीतरी उग्र. बिनमिठाचे छोटे मासे मिळाले तर डोकं आणि पोट काढा, लिटरला २०-२५ ग्रॅम घेऊन अर्धा तास भिजवा, पाच-सात मिनिटं मंद उकळा आणि गाळा. जवळा वापरून बघू नका; रस्सा चांगला होतो, पण तो उदोनचा राहत नाही.

लाटणं, कापणं, उकडणं

ओट्यावर किंवा मोठ्या पोळपाटावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा. गोळा चपटा करून मध्यापासून चारी कोपऱ्यांकडे लाटा. गोल पोळी नको, चौकोन हवा. लाटताना पीठ मागे येत असेल तर ओलं फडकं टाकून पाच मिनिटं थांबा. जाडी तीन मिलिमीटर. पातळ वाटली तरी आणखी जाड ठेवू नका, उकडताना ती फुगते.

वर सढळ हाताने कॉर्नफ्लोअर लावून साडीच्या निऱ्यांप्रमाणे पोळीची उलटसुलट घडी घाला. धारदार सुरीने तीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. सुरी करवतीसारखी मागे-पुढे करू नका, सरळ खाली दाबा. कापून झालं की लगेच पट्ट्या उचलून, झटकून मोकळ्या करा. काही जाड, काही बारीक होतील. होऊ देत.

पाणी भरपूर हवं: एवढ्या नूडल्सना चार लिटर. मीठ घालायचं नाही. पाणी सणसणीत उकळत असताना नूडल्स झटकून सोडा, पहिलं मिनिट काठीने अलगद हलवा म्हणजे चिकटत नाहीत. आता आच मोठीच ठेवायची. सगळ्या कृतीत खळखळ उकळायची मुभा फक्त इथे आहे. दहा ते बारा मिनिटं लागतात. आठव्या मिनिटाला एक नूडल काढून कापून बघा. मधोमध पांढरी कोरडी रेघ दिसली तर आणखी वेळ द्या. चावताना बाहेरून मऊ आणि आतून दाताला हलका प्रतिकार करणारी झाली की चाळणीत ओता.

ओतल्यावर लगेच गार पाण्याखाली धरून दोन्ही हातांनी चोळून धुवा. मऊ चोळा, पण चोळा. वरचा चिकट पिष्टाचा थर निघून गेला की नूडल्स चकचकीत होतात आणि पुन्हा घट्ट होतात. ही पायरी गाळली तर रस्सा पेजेसारखा होतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी कोमट असतं, तेव्हा शेवटच्या धुण्याला बर्फ घाला.

वाडगा

वाडगे गरम पाण्याने तापवून घ्या. गार झालेल्या नूडल्स उकळत्या पाण्यात अर्धं मिनिट बुडवून, निथळून वाडग्यात ठेवा आणि वर ३५० मिली वाफाळता रस्सा ओता. पातीचा कांदा अगदी बारीक चिरून. एवढ्याला काके उदोन म्हणतात आणि पहिल्या वेळी एवढंच करावं. वर दहा गोष्टी रचल्या की रस्सा जमला की नाही ते कळत नाही.

दुसऱ्या वेळी ओसाकाचा कित्सुने उदोन करा. त्यावर तळलेल्या टोफूचा गोडसर तुकडा असतो. तयार आबुराआगे (तळलेल्या टोफूचे काप) मिळाले नाहीत तर घट्ट टोफूचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप कापडात दाबून पाणी काढा आणि आधी मध्यम, मग कडक तेलात दोनदा तळा. उकळतं पाणी ओतून वरचं तेल काढा आणि एक वाटी दाशी, दोन मोठे चमचे साखर व दीड मोठा चमचा शोयु यांत पाणी आटेपर्यंत शिजवा. कच्चं अंडं फोडून घालायचीही पद्धत आहे. आपल्याकडच्या अंड्यांच्या बाबतीत मी ती सुचवणार नाही. उकळत्या पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं ठेवा.

तिखट हवंच असेल तर शिचिमी भुरभुरवा. हे सात जिनसांचं मिश्रण एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १६२५ पासून विकलं जातंय. त्यातला सान्शो आपल्याला अनोळखी वाटतो, पण तो तिरफळाचा सख्खा भाऊबंद आहे; दोन्ही एकाच वनस्पती-कुळातल्या एकाच वंशाचे, आणि दोन्हींची बी टाकून सालच वापरायची. गोवा-सिंधुदुर्गातल्या घरात म्हणूनच शिचिमी घरी होते: लाल मिरची, तीळ, खसखस, सुंठ, वाळवलेली संत्र्याची साल, नोरीचा चुरा आणि तिरफळ. तिरफळ चिमटीभरच, जपानी सान्शोपेक्षा ते जास्त दांडगं आहे. मिरची आणि तीळ हलके भाजा, बाकी तसंच घेऊन जाडसर कुटा.

वाढलं की लगेच खायला बसा. नूडल्स रस्सा पितात आणि दहा मिनिटांत फुगून ढिल्या पडतात, त्यामुळे ‘सगळे आले की वाढू’ हा शिष्टाचार इथे कामाचा नाही. खाताना सुर्रकन आवाज झाला तर होऊ द्या.

उरलेलं

दाशी फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते. बर्फाच्या साच्यात गोठवली तर महिनाभर हाताशी राहते. न उकडलेल्या नूडल्सही कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून, वाडग्यापुरती जुडी करून गोठवता येतात. उकडताना थेट फ्रीजरमधून उकळत्या पाण्यात टाका आणि दोन मिनिटं जास्त द्या.

वापरलेला कोंबू आणि पापुद्रे टाकू नका. अर्धा लिटर पाण्यात दोन्ही पुन्हा दहा मिनिटं मंद उकळले की दुसऱ्या पाण्याची दाशी मिळते. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपला किंवा भाज्या शिजवायला ती पुरते. त्यानंतर कोंबू बारीक चिरून शोयु, साखर आणि थोड्या व्हिनेगरमध्ये मंद आचेवर आटवा, वर भाजलेले तीळ घाला. गरम भातावर हे चमचाभर पुरतं, आणि फ्रीजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं.